सवलत कोणाच्या पैशाची, आणि हात वर कोणीं करायचा ?

शेतकरी बंधूंनो, आणि रापी, हातोडा, चाक व सुई यांच्यावर पोट भरणाऱ्या कारागीर बंधुभगिनींनो,

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत आमच्या गांवीं जें घडलें तें आधीं सांगतों आणि मग भांडतों. पंचायतीच्या मालकीची एक जुनी शेड पाणंदीच्या कडेला आहे. पूर्वीं तींत खताचीं पोतीं असत, हल्लीं मोकाट कुत्रीं निजतात. गांवच्या अकरा कुटुंबांनीं अर्ज केला कीं, ही शेड आम्हांस तीन वर्षें कमी भाड्यानें द्यावी. अकरांपैकीं आठ घरें चर्मकारांचीं, दोन मातंगांचीं आणि एक मराठ्याच्या विधवेचें, जिला शिवणयंत्र ठेवायला कोरडी जागा नाहीं. एकत्र बसूं, चामडें व सूत एकत्र आणूं, माल एके ठिकाणीं मांडूं, म्हणजे गिऱ्हाइकाला दहा दारें हिंडावें लागणार नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें.

विषय वाचून होतो न होतो तोंच मागून आवाज आला, "आमच्या घरपट्टीच्या पैशावर यांचे धंदे कशाला ?" लोक हंसले. दुसरा म्हणाला, "आज शेड मागतात, उद्यां गिऱ्हाईकहि पंचायतीनेंच आणून द्या म्हणतील." पुन्हां हंशा. विषय तहकूब झाला. अर्जदार भिंतीला टेकून उभे होते, ते खालीं मान घालून निघून गेले. आणि हंसणारे कोण होते ? कोणी शेटजी नव्हता, कोणी भटजी नव्हता. ज्यांच्या आजोबांची मोट याच अर्जदारांच्या आजोबांनीं शिवली आणि जिचा नाडा-सोंदूर यांनींच वळून दिला, ते आमचे घामाचे भाऊबंद हंसले.

त्याच जागीं दोन वर्षांपूर्वीं दुसरा विषय आला होता. बाहेरच्या एका कंपनीला माळावर कारखाना काढायचा होता, त्यासाठीं ना-हरकत दाखला हवा होता. पान लावायला जितका वेळ लागतो तितक्यांत तो मंजूर झाला. कर किती माफ होणार, किती वर्षें, गांवच्या किती पोरांना काम मिळणार, हें एकानेंहि विचारलें नाहीं. साहेब मोटारींतून आले होते, तेवढें पुरलें. मीहि तेथें बसलों होतों आणि मींहि विचारलें नाहीं. हें कबूल केल्यावांचून पुढें लिहिण्याचा मला हक्क नाहीं.

आतां मास्तराची खोड म्हणून पाटीवर हिशेब मांडतों. आकडे धरलेले आहेत, ज्यानें त्यानें आपल्या गांवचे घालून पाहावे. शेडचें चालू भाडें दरमहा ३,००० रुपये धरा, आणि पंचायतीनें ती ५०० रुपयांनीं दिली असें धरा. महिन्याची सवलत २,५०० रुपये, वर्षाची ३०,०००. गांवांत ६०० घरें असलीं तर दर घरावर वर्षाला ५० रुपये पडतात. स्टँडवरच्या पांच कप चहाचे पैसे ! तेंहि शेड आज भाड्यानें जात असती तर. आज ती कुत्र्यांकडे फुकट आहे. आतां दुसरी बाजू. दर घरांत वर्षाला चपलांचे दोन जोड येतात आणि जोडाला ३०० रुपये पडतात असें धरा. गांवांतून वर्षाला ३,६०,००० रुपये नुसत्या पायांतून चालत बाहेर जातात. त्यांतला चौथा हिस्सा जरी या शेडींत थांबला तरी ९०,००० रुपये गांवांत राहिले. आणि ते ज्यांच्या हातीं पडतील तीं माणसें तुमचेंच दूध घेणार, तुमचीच भाजी घेणार, तुमच्याच गिरणीवर दळण आणणार. घरपट्टीची ज्यांना एवढी कळकळ आहे त्यांनीं हें गणित चौथीच्या मुलाकडून तपासून घ्यावें.

परंतु खरें दुखणें गणिताचें नाहीं. सवलत हा शब्द ऐकला कीं तो आपल्यासाठीं नव्हेच, असें आमच्या मनानें धरलें आहे. सवलत मोठ्यांना मिळते तेव्हां ती सरकारची मेहेरबानी वाटते. शेजाऱ्याला मिळते तेव्हां ती आपल्या खिशांतून गेल्यासारखी वाटते. वास्तविक दोन्ही आपल्याच खिशांतून जातात. १९६४ सालापासून महाराष्ट्र सरकारनें सामूहिक प्रोत्साहन योजना चालविली. हेतु असा कीं मुंबई, ठाणें, पुणें या पट्ट्यांत गर्दी केलेले कारखाने मागासलेल्या भागांत जावेत. त्यासाठीं तालुक्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले, आणि जितका तालुका मागासलेला तितकी सवलत जास्त. पुढें २०१९ च्या योजनेंत वीजशुल्काची माफी, मुद्रांकशुल्काची माफी आणि कारखान्यानें भरलेल्या राज्याच्या जीएसटीचा हिस्सा अनुदान म्हणून परत, असे तिचे प्रकार होते. हेतु वाईट नाहीं, आणि लहान कारखानदारालाहि त्या योजनेच्या पुस्तकांत जागा आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण जीएसटी म्हणजे काय ? तुम्हीं घेतलेल्या पायताणावर, पत्र्यावर, मोटरपंपावर तुम्हीं दिलेला पैसा. तो कारखान्याच्या हातून सरकारांत जातो आणि तेथून कारखान्याकडे परत येतो. या येरझारेंत तुमचें नांव कोठेंहि लिहिलेलें नसतें, म्हणून तुम्हांला तो आपला वाटत नाहीं.

याच सवलतींना एक अट जोडलेली आहे. सवलत घेणाऱ्या कारखान्यानें शेंकडा ८० जागा स्थानिक लोकांना द्याव्यात, आणि देखरेखीच्या जागांपैकीं शेंकडा ५० द्याव्यात. कागदावर अट चांगली आहे. तुमच्या तालुक्यांत ती मोजली कोणीं ? ज्या ग्रामसभेनें दाखला दिला तिनें पुन्हां कधीं विचारलें कीं दाखल्याच्या बदल्यांत आमचीं किती पोरें आंत गेलीं, आणि कशावर, झाडूवर कीं यंत्रावर ? आमचा पाठिंबा म्हणजे टाळ्या आणि हारतुरे. हार घालून झाला कीं आम्ही घरीं जातों, आणि अट कागदांत झोंपते.

यावर आमच्यांतले कांहीं तापट बंधु म्हणतात, "मग सगळ्याच सवलती बंद करा. धंदेवाल्यांचें लचांड सरकारनें गळ्यांत घेऊं नये. आधीं शेतमालाला भाव द्या." या म्हणण्यांत दुःख खरें आहे, म्हणून त्याला उडवून लावतां येत नाहीं. पण शेतमालाला भाव येतो कोठून, याचा विचार आमच्या करवीरच्या मातींत बसून करूं. छत्रपति शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षीं, १८९५ त, त्यांनीं शाहूपुरीची पेठ वसविली. व्यापाऱ्यांना जागा व सोयी देऊन गुळाची बाजारपेठ उभी केली. शेतकऱ्याच्या गुळाला भाव यावा म्हणून राजानें बाजाराला सवलत दिली. भाव व बाजार हीं दोन निराळीं दुखणीं त्यानें मानलीं नाहींत. १९०६ सालीं महाराजांनीं सूत व कापड गिरणीचा पाया घातला. ती गिरणी पुढें बंद पडली हें सर्वांस ठाऊक आहे, पण गुळाची पेठ टिकली, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें.

मात्र शाहूपुरीची गोष्ट सांगतांना अर्धीच सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पेठ वसली तरी वजन अडत्याचें, काटा अडत्याचा, उचलहि अडत्याचीच. शेतकरी गूळ घेऊन जाई आणि हातांत उधारीची चिठ्ठी घेऊन येई, हें आमच्या घराघरांतल्या म्हाताऱ्यांनीं सांगितलेलें आहे. शेजारच्या मुंबई इलाख्यांतहि शेतमालाच्या बाजारांचें नियमन करणारा कायदा १९३९ सालीं झाला. १८९५ पासून मोजा, ४४ वर्षें. सवलत आधीं आली आणि देखरेख ४४ वर्षांनीं, तर मधल्या काळांत कोणाचें पोट सुटतें हें सांगायला ज्योतिषी नको. म्हणून सवलती बंद करा या ओरडीपेक्षां, सवलतीच्या अर्जालाच देखरेख शिवून टाका, असें मी म्हणतों.

महाराजांची दुसरी गोष्ट मला या पेठेपेक्षांहि मोठी वाटते. गंगाराम कांबळे नांवाचा गडी राजवाड्याच्या पागेंत नोकरीस होता. अस्पृश्यानें पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांना कळलें तेव्हां त्यांनीं मारणाऱ्यांचा समाचार तर घेतलाच, पण गंगारामाला सांगितलें कीं, तूं आतां चाकरी करूं नकोस, स्वतःचा धंदा कर. भांडवल महाराजांनीं दिलें. कोल्हापुरांत भाऊसिंगजी रोडवर गंगारामाचें चहाचें दुकान निघालें, "सत्यसुधारक" अशी पाटी लागली. आतांच्या भाषेंत बोलायचें तर भांडवल मिळालें, जागा मिळाली, योजना पुरी झाली. सरकारी अहवालांत येथेंच टिंब पडलें असतें.

परंतु महाराच्या हातचा चहा पिणार कोण ? गिऱ्हाईक फिरकेना. कप धुऊन ठेवलेले, आणि रस्त्यानें जाणारे पलीकडच्या कडेनें जात. तेव्हां महाराजांनीं काय केलें ? आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून ते चहा मागवूं लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, बड्या बड्या मंडळींनाहि पाजायचे. छत्रपति पितात म्हटल्यावर नाहीं कोण म्हणणार ? हळूहळू गिऱ्हाईक लागलें. पुढें सोड्याचें यंत्रहि महाराजांनींच त्याला दिलें, असें सांगतात. "उद्यां गिऱ्हाईकहि पंचायतीनेंच आणून द्या" असें म्हणून जे आमच्या सभेंत हंसले, त्यांना माझें उत्तर एवढेंच कीं, होय, आणून द्यायचें. आमच्या राजानें आणून दिलें होतें.

आज गाडी थांबविणारा राजा नाहीं. तें काम आतां तुमचें आहे. शेड द्यायची आणि चपला मात्र तालुक्याच्या झगमगीत दुकानांतून आणायच्या, हा पाठिंबा नव्हे. आणि माल वाईट असेल तर घेऊं नका, परत करा, तोंडावर सांगा; कारागिराला शिव्या चालतात, पाठ फिरविलेली चालत नाहीं. लोकांना या पायताणाची किंमत कळत नाहीं म्हणावें तर २०१५ नव्हे, २०२५ च्या जून महिन्यांत इटालींतल्या मिलान शहरीं प्राडा या कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि त्या कोणाच्या हें सांगितलें नाहीं, तेव्हां केवढा गहजब झाला ! आमच्या गांवचे तरुण मोबाइलवर संतापाचे मजकूर लिहीत होते. २०१९ सालीं या चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, त्यांत आपला जिल्हाहि आहे. मिलानच्या लोकांनीं आपल्या चर्मकाराचें नांव घ्यावें असें वाटणाऱ्या तरुणाला, आपल्याच आळीपलीकडच्या त्या चर्मकाराचें नांव ठाऊक आहे काय ?

आतां आमच्या कारागीर बंधूंशीं दोन शब्द, आणि ते गोडच असतील असें नाहीं. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजीं निघाली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, टोपल्या व केरसुण्या करणारे असे १८ धंदे तींत घेतले. शिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, हत्यारांसाठीं १५,००० रुपये, आणि कर्ज पहिल्यानें १ लाखापर्यंत, तें फेडल्यावर २ लाखांपर्यंत, व्याज शेंकडा ५; वरच्या व्याजाचा भार सरकार सोसतें, अशी तिची मांडणी. घरांतल्या एकालाच लाभ. पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडे. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानांत घ्या. पंचायतीकडे तपासणी याचा अर्थ, ज्या सभेंत लोक हंसले तिच्याच दारावरून तुमचा अर्ज जाणार. हातांत कधीं रापी न धरलेल्या माणसाचें नांव चर्मकार म्हणून जात असेल तर तें गांवाशिवाय कोणाला ओळखूं येणार ? आणि घरांतल्या एकालाच म्हटल्यावर नांव नेहमीं बाप्याचेंच कां ? केरसुणी बांधणारी बाई, आणि बँकेंत सही करणारा नवरा, हा प्रकार आतां पुरे.

या योजनेवर एक आक्षेप आहे आणि आमच्यासारख्या सत्यशोधकी माणसाला तो झटकतां येत नाहीं. तिच्या मूळ पत्रकांत गुरु-शिष्य परंपरा आणि पिढीजात चालत आलेला घरचा धंदा यांवर भर आहे. १९१६ पासून ज्या प्रांतांत ब्राह्मणेतर चळवळ उभी राहिली, त्या तामिळनाडूच्या सरकारनें २०२४ सालीं कळविलें कीं, जातीच्या धंद्याला बांधणारी ही योजना या स्वरूपांत आम्ही चालविणार नाहीं, आणि पुढें जातीची अट नसलेली स्वतःची निराळी योजना काढली. आक्षेप खरा आहे. चर्मकाराच्या पोरानें चामडेंच कापावें असें म्हणणारी सवलत ही सवलत नव्हे, तें जुनें बलुतें नवीन कागदावर लिहिणें आहे. १९१८ सालीं शाहू महाराजांनीं महार वतनें मोडलीं तीं याचसाठीं कीं, जन्मानें मिळालेलें काम हें बिनपगारी दास्य असतें. तरीपण पैसा आहे आणि हत्यारें आहेत, तेव्हां आक्षेपासाठीं उपाशी राहा असें मी कोणाला सांगणार नाहीं. घ्या, पण पोराचें नांव शाळेंतून काढूं नका. आणि ज्या दिवशीं मराठ्याचा मुलगा त्या शेडींत रापी शिकायला बसेल आणि चर्मकाराची मुलगी मोटारीचें यंत्र दुरुस्त करील, त्या दिवशीं धंदा धंदा होईल. तोंवर ती जातच आहे. आमच्या अकरा अर्जदारांत ती एक विधवा आहे, हें मला म्हणूनच सर्वांत मोलाचें वाटतें.

हें सर्व आजचें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, त्यांत परदेशच्या यंत्राच्या मालानें इथल्या कारागिराचा धंदा बसला आणि तोहि शेतावर येऊन पडला, याचें वर्णन आहे. शेत तेवढेंच आणि खाणारीं तोंडें वाढलीं. जोतीराव स्वतः ठेकेदारीचा धंदा करीत. धंदा हें आपलें काम नव्हे असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. तें आम्ही त्यांच्या मागें शिकलों, कोणाकडून कोण जाणे.

जातीपातीचा राग धरूनहि हा विषय सुटत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर ब्राह्मण, आणि औंधचे पंतप्रतिनिधिहि ब्राह्मण. परंतु १९१० सालीं पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ कारखान्यासाठीं दिला, कर्जहि दिलें, आणि त्या माळावर लोखंडी नांगर होऊं लागले. बेळगांवीं पहिले नांगर निघाले तेव्हां लोखंडानें जमीन नासते म्हणून आमच्याच शेतकऱ्यांनीं ते घ्यायला कांकूं केली होती. पुढें त्याच नांगरानें हरळी मोडली. ब्राह्मणाला ब्राह्मणानें माळ दिला तर तेथें नगर वसलें. आमच्या पंचायतीला आमच्याच माणसांना एक गळकी शेड देववत नाहीं!

आमच्या गांवीं तो तहकूब विषय येत्या १ मे च्या ग्रामसभेंत पुन्हां यायचा आहे. अर्जदारांशीं माझें बोलणें झालें आहे. तीन वर्षांची मुदत त्यांना मान्य आहे, चौथ्या वर्षापासून पुरें भाडें. सहा महिन्यांनीं वही ग्रामसभेंत वाचायची, किती माल केला, किती विकला, किती माणसें कामाला. नवीन शिकणाऱ्याला जात न विचारतां घ्यायचें. एका वर्षांत शेड पुन्हां रिकामी दिसली तर पंचायतीनें किल्ली परत घ्यावी. दोन वर्षांपूर्वींच्या त्या कंपनीलाहि हीच वही मागण्याचा ठराव मी मांडणार आहें, आणि त्याला अनुमोदन द्यायला एक माणूस तरी हवा.

कायद्यानें ग्रामसभेस मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांत जी संख्या कमी असेल ती, हजर लागते. गेल्या वेळीं नुसतीं सह्यांनीं ती भरली होती. या वेळीं पायांनीं भरा, आणि बायकांनीं पुढें बसावें. अर्ज पंचायतीच्या दप्तरांत आहे, कोणालाहि मागून वाचतां येतो. शेडची किल्ली शिपायाजवळ असते. आंत जागा किती आहे हें ज्याला पाहायचें असेल त्यानें सकाळीं यावें. कुत्रीं चावत नाहींत.

— एक खेड्यांतला मास्तर